दारावरचा मासा

बस रे चंद्रहास, ती बॅग राहू दे जरा बाजूला. तुझं विमान काय आज नाय. इकडं गादीवर टेक, शत्रुघ्नला चहा ठेवायला सांगितलाय, तो उकळेपर्यंत तुला एक गोष्ट सांगतो. गेल्या शुक्रवारी मी कोरियाला जाऊन आलो. हसू नको. पासपोर्ट नाय, विमान नाय, शत्रुघ्नच्या खटाऱ्या सनी गाडीतनं सकाळी निघालो नि दिवस मावळायच्या आत इथं रिग्गईत, आपल्या खोलीवर परत. पण जे झालं ते मी अजून निस्तरतोय.

तू ह्या खोलीत नवीन आहेस, तुला कोरिया माहीत नसंल. कुवेतच्या पार दक्षिणेला, खैरानच्या अलीकडं, समुद्राला लागून, कोरियन लोकांची एक वस्ती आहे. रिफायनरीचं काम चालू होतं तेव्हा त्यांच्या कंपनीनं आपल्या माणसांसाठी बांधली. घरं, मेस, सलून, दुकान, सगळं. बोर्डसुद्धा त्यांच्या लिपीत, सगळ्या काड्या आणि गोल. काम संपल्यावर अर्धे कोरियन घरी गेले, अर्धे राहिले, नि आता ते तिथं आणखी कायतरी बांधतायत. कंपनीचं नाव मला आजही धड बोलता येत नाय. आपली पोरं नुसतं कोरिया बोलतात.

माझं काय झालंय ते तुला ठाऊकच आहे. सुलैबियाचं आमचं सुतारकामाचं वर्कशॉप बंद झालं. मालकानं एक दिवस शटर ओढलं नि सांगितलं, आपापलं बघा. इकामा, इथं राहायचा परवाना, आहे अजून थोडे दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं नावावर घेतलं तर राहायचं, नायतर घर गाठायचं. आणि घरी जाऊन करू काय? तिकडं आता सगळे तयार दरवाजे आणून बसवतात. माझ्या पोरीचं, समिधाचं, नर्सिंगचं एक वर्ष बाकी आहे. ती पोरगी टोपी घालून उभी राहिली की मी उद्या घरी जाईन, पण आता नाय. आता मला काम पायजे. एवढंच माझं म्हणणं.

अशातच सुदेशचा फोन आला. सुदेश म्हणजे तू झोपतोस ना त्या पलंगावर आधी तो झोपायचा. लांज्याचा, एसीचं काम करतो. वर्षापूर्वी तो त्या कोरियन कंपनीत गेला नि गेला तो गेलाच. आधी दर शुक्रवारी यायचा, मग महिन्यानं, मग नुसता फोन, मग तोही नाय. तो अचानक फोन करून बोलतो, जगूदा, शुक्रवारी इकडं या, सहज फिरायला, समुद्र बघू, जेवू. मी बोललो, येतो. तोपर्यंत ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी परत फोन. तुमचं जन्माचं साल कुठलं? मी सांगितलं. कशाला रे? बोलला, असंच. तिसऱ्या दिवशी विचारतो, तुमची उंची सांगा. ती सांगितली तर बोलतो, नाय, तशी नको, जमिनीपासून कमरेपर्यंत मोजून सांगा. आता मला सांग, माणसाचं अर्धं माप कोण घेतं? शिंपी घेतो, पण तो सुद्धा वरनं घेतो. मी विचारलं तर हा हसला नि फोन ठेवला. आणि गुरुवारी मेसेज. पांढरा शर्ट घाला, धुतलेला.

माझा स्वभाव संशयी, हे मी लपवत नाय. दुधाचं पाकीट मी फुगलेलं तर नाय ना ते दाबून बघितल्याशिवाय घेत नाय. पण तूच बघ ना. साल, माप, पांढरा शर्ट. लहानपणी आमच्याकडं खाडीवर पूल बांधत होते तेव्हा आईबाप आम्हा पोरांना तिन्हीसांजेच्या आत घरात कोंडायचे. पुलाला माणूस लागतो, बोलायचे. खांब उभा राहत नाय, खाली कोणतरी घालावा लागतो. आता मोठा झाल्यावर कळतं की ते खोटं. पण कळतं ते डोक्याला. पोटाला नाय कळत.

अर्चनाला फोनवर सांगितलं तर ती बायको असून हसली. बोलली, तुम्हाला कोण पळवणार, दोन दिवसांनी स्वतः आणून सोडतील.

शत्रुघ्नला सांगितलं. तो बोलला, फुकट जेवण आहे ना, मग मी येतो, तुम्हाला पुरलं तर कुठं पुरलं ते घरी सांगायला कोणतरी पायजे. त्यानंच मला सुभाष प्लंबरची आठवण करून दिली. सुभाषपण त्याच कोरियात गेला होता, नि त्याचा नंबर लागायचा बंद झाला. आता हे त्यानं जायच्या आदल्या दिवशी सांगायची काय गरज होती? पण शत्रुघ्न असाच.

तर शुक्रवारी निघालो. चाळीस नंबरच्या रस्त्यानं सरळ खाली. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूला वाळूत कुवेत्यांचे तंबू, पोरं वाळूत गाड्या उडवतायत. शत्रुघ्न गाणी बोलत होता नि मी रस्ता बघत होतो. कुठं वळलो, कुठं पंप लागला, सगळं मनात ठेवत होतो. चालत परत यायची वेळ आली तर रस्ता माहीत असावा.

रिफायनरीची धुराडी दिसली, मग एक लांबलचक कुंपण, मग गेट. गेटवर अब्बास म्हणून बिहारचा माणूस. मी नाव सांगितलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पांढऱ्या शर्टावर नजर थांबवली नि हिंदीत बोलला, "अच्छा, तो आप ही हो."

मी शत्रुघ्नकडं बघितलं. शत्रुघ्ननं गाणं बंद केलं.

सुदेश धावत आला. अंगानं भरलेला, गाल वर आलेले, पायात त्यांच्यासारख्या रबरी चपला. मिठी मारली. मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, माणूस तोच आहे का बघायला. आवाज तोच, हसणं तेच, पण कायतरी लपवत होता. सुदेशला लपवता येत नाय. खोलीत तो तुझ्या त्या पलंगाखाली लाडू ठेवायचा ना, तेव्हा पण त्याचं तोंड असंच व्हायचं. मी सरळ विचारलं, काय आहे आज? तर बोलला, काय नाय, आधी साहेबांना भेटू.

साहेब म्हणजे चो. बुटका, केस एकदम काळे, हसू तोंडावर अजिबात नाय. गल्फात वर्षं काढलीत त्यामुळं थोडं हिंदी येतं, पण बोलतो असं की जसं प्रत्येक शब्दाला जकात लागते. त्याच्या केबिनमध्ये चपला बाहेर काढून गेलो. त्यानं स्वतः उठून मला एक ग्लास दिला. पांढरट पाणी, आत भाताची शितं तरंगतायत. आणि दिला कसा? दोन्ही हातांनी. दोन्ही हातांनी आपण कोणाला देतो, देवाला किंवा भटाला. मग स्वतःचा ग्लास उचलला, आणि चंद्रहास, पिताना त्यानं तोंड फिरवलं. पूर्ण. भिंतीकडं. माझ्या देखत प्यायलाच नाय.

मी मनात म्हटलं, झालं. ह्यात कायतरी आहे. स्वतः पितोय की ओततोय तेसुद्धा दाखवत नाय. खिडकीत एक कुंडी होती. तो फोनवर बोलायला वळला तेव्हा माझा ग्लास त्या कुंडीत गेला. शत्रुघ्ननं मात्र पूर्ण संपवला, तळाची शितं बोटानं काढून खाल्ली नि आणखी मागितला. मी हळूच विचारलं, कसं वाटतंय? बोलला, गोड आहे, खिरीसारखं, तुम्ही झाडाला पाजलंत ते चुकलं.

मग चोनं माझा हात मागितला. पंजा उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याखालचा घट्टा दाबून बघितला. बाजारात बैलाचं तोंड उघडून बघतात ना, तसं. मग सुदेशला त्यांच्या भाषेत कायतरी बोलला नि सुदेश हसला. आमचा सुदेश, लांज्याचा, कोरियन भाषेत हसला. काय बोलला रे तो? तर म्हणे नंतर सांगतो, आधी जेवा.

मेसमध्ये सुभाष भेटला. जिवंत. ताटात डोकं घालून जेवत होता. मला बघून ओशाळला. फोन समुद्रात पडला म्हणे, त्याबरोबर सगळ्यांचे नंबर गेले. मी म्हटलं, रिग्गईचा पत्ता पण त्या फोनमध्येच होता काय? त्यानं परत ताटात डोकं घातलं. पण माझं समाधान नाय झालं. एक जिवंत आहे म्हणजे सगळे जिवंत असं थोडंच आहे.

जेवणाला त्यांचं ते कोबीचं तिखट लोणचं, कसल्या कसल्या वाट्या. शत्रुघ्ननं तीनदा घेतलं. मी नुसता भात नि उकडलेली अंडी खाल्ली. अंड्याला कवच असतं. आत कोणी काय घालू शकत नाय.

जेवण झाल्यावर सुदेश घड्याळ बघायला लागला. बोलला, जगूदा, तुम्ही दोघं समुद्राकडच्या नव्या शेडपाशी थांबा, मी सगळ्यांना घेऊन आलोच. आणि जाता जाता वळून बोलला, "आत जाऊ नका हां. आधी नाय जायचं."

गेलो. पत्र्याची नवीन शेड, लाकडाचा वास येत होता, तेवढ्यानं मला जरा बरं वाटलं. दाराला लाल फीत बांधलेली. बाजूला खिडकी. आता आत जाऊ नका बोलला होता, बघू नका नव्हता बोलला. मी काचेला नाक लावलं.

आत मधोमध एक टेबल, ठेंगणंच, त्यावर पांढरी चादर. चादरीवर फळं मांडलेली. सफरचंदं, नासपती, आणि प्रत्येक फळाची वरची टोपी छाटलेली. एक-दोन नाय, सगळ्यांची. उदबत्त्या लावायला वाळूची वाटी. भाताचा ढीग. आणि मागं कागदावर डुकराचं तोंड काढून चिकटवलेलं, मिटल्या डोळ्यांनी हसणारं. आता मला सांग, तू कोकणातला आहेस. तिठ्यावर सकाळी सुपलीत भात, कापलेलं लिंबू नि उदबत्ती दिसली तर तू काय करतोस? लांबनं जातोस. मी तर आत जायला आलो होतो, तेही धुतलेल्या पांढऱ्या शर्टात.

तेवढ्यात शत्रुघ्न बोलला, जगूदा, बोंबलाचा वास येतोय.

आम्ही वर बघितलं. दाराच्या बरोबर वर, खिळ्याला, एक सुका मासा टांगलेला. बोंबलासारखा, पण हाताएवढा लांब. डोक्यासकट. तोंड उघडं, डोळे उघडे, सरळ आमच्याकडं बघतायत. आणि त्याच्या पोटाला पांढऱ्या दोऱ्याची लडी गुंडाळलेली, एकावर एक, घट्ट.

शत्रुघ्न बोलला, एवढा मोठा बोंबील मी जन्मात नाय बघितला, भाजला तर चौघांना पुरेल. मी त्याला बोललो, तोंड आवर, ही करणी आहे. माशाला दोरा कोण गुंडाळतं? तो बोलला, कोणावर करणी? मी म्हटलं, कोणाचं साल विचारलं? कोणाचं माप घेतलं? आत टेबलाला पांढरी चादर, माझा पांढरा शर्ट. त्यानं खिशातनं मेसमधला लाडू काढला होता, तो तोंडाशीच राहिला.

आता तू बोलशील, तेव्हाच पळायचं. मीपण तेच करणार होतो. पण करणी दारावर टांगलेली राहिली नि आपण पळालो, तर ती काय तिथं थांबत नाय. मागनं येते. आमच्या वाडीत असं काय दिसलं की ते उचलून पाण्यात सोडायचं असतं, गाऱ्हाणं घालायचं, नि मागं न बघता, कोणाशी न बोलता परत यायचं. पाय धुतल्याशिवाय तोंड उघडायचं नाय. ही पद्धत. माझ्या आज्यानं केलेली मी बघितलीय.

बाजूला एक रिकामा ड्रम होता. तो ओढला, वर चढलो, खिशातल्या चाकूनं सुतळी कापली. मासा हातात आला. लाकडासारखा कडक नि हलका. डोळे माझ्यावरच. मी तो उजव्या हातात धरून, अंगापासून लांब, पाण्याकडं चालायला लागलो. शत्रुघ्नला बोलावलं, कारण गाऱ्हाण्याला होय बोलायला माणूस लागतो.

पाण्यात घोट्यापर्यंत उतरून गाऱ्हाणं घातलं. बा देवा राखणदारा, तू वाडीत नि मी इकडं, पण तुझी नजर पोचते. कोणी वाकडं केलं असंल, कोणाच्या मनात वाईट असंल, ते ह्या माशाबरोबर जाऊ दे रे महाराजा. शत्रुघ्न लाडू चावत बोलला, होय महाराजा. माझ्या समिधाचं शिक्षण पुरं होऊ दे, मला कुठंतरी काम मिळू दे रे महाराजा. होय महाराजा. आणि भिरकावला.

तो बुडाला नाय. सुका ना. तरंगायला लागला, तोंड वर करून. पांढरे समुद्रपक्षी आले, एकानं झडप घातली, दुसऱ्यानं हिसकावला, नि गेला मासा खैरानच्या दिशेनं. मी बोललो, उत्तम, लांब गेला. नि वळलो.

आता वळल्यावर मागं बघायचं नाय. जमिनीकडं बघत चाललो. तर आवाज आला, "मिस्टर जगन." चोचा आवाज. नेमका मागनं. म्हणजे तो दुसऱ्या वाटेनं माणसं घेऊन आला होता नि त्यानं सगळं बघितलं होतं. मी काय थांबतोय? मी पाय उचलले. "मिस्टर जगन, रुको." मी आणखी जोरात. मागनं वाळूत धावल्याचा आवाज. मग सुदेशचा आवाज, जगूदा, जगूदा काय केलंत हे? बोलायचं नसतं ना, म्हणून मी नुसता हात हलवला. चो माझ्या बाजूला येऊन पोचला, त्याचे बूट मला दिसत होते, चकचकीत काळे, वाळूनं भरलेले. मी डोकं खाली घालून चालतोय, तो बाजूनं धावतोय. शत्रुघ्न मागनं सगळ्यांना हिंदीत सांगत होता, अभी बात नहीं करेगा, पाँव धोएगा, फिर बात करेगा.

शेडच्या बाजूला नळ होता. मी पाय धुतले, सावकाश, दोन्ही. मग वर बघितलं.

तिथं सगळी वस्ती उभी. कोरियन, आपले, नेपाळी, गेटवरचा अब्बास, सुभाषसुद्धा. सगळे दाराच्या वरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघत होते. एका कोरियन पोरीच्या हातात ट्रे, त्यात कात्री नि पांढऱ्या हातमोज्यांचे दोन जोड. चो घामाघूम. रागावला होता का ते कळत नव्हतं, पण जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. तो त्या खिळ्याकडं बघत होता नि त्याचं तोंड लहान झालं होतं.

सुदेशनं मला बाजूला घेतलं.

"जगूदा, तो मासा त्याच्या आईनं पाठवला होता. गावावरनं. बर्फाच्या वाऱ्यात वाळवतात तो. नवीन धंदा, नवीन घर, काही सुरू केलं की दारावर टांगतात. त्याचे डोळे कधी मिटत नाय, म्हणून तो राखण करतो. आतली फळं, भात, डुकराचं तोंड, ती पण त्यांची वास्तुपूजाच."

मी म्हटलं, आणि दोरा?

"दोरा आयुष्याचा. लांब असावं म्हणून."

"कोणाचं?"

"तुमचं. शेडमध्ये काम कोण करणार आहे? तुम्ही. हे सुतारकामाचं वर्कशॉप आहे जगूदा. तुमचं."

चंद्रहास, मी परत एकदा त्या रिकाम्या खिळ्याकडं बघितलं. मी त्याला बोललो, मग आधी सांगायला काय झालं होतं? तर बोलला, सांगितलं असतं तर तुम्ही दहा जणांना विचारलं असतं, कोरियन कसे, पगार बुडवतात काय, नि दहाव्यानं कायतरी उलट सांगितल्यावर आला नसतात. ते खरं होतं. इथं खोलीत सुलैबियाच्या फळकुटांतनं केलेला देव्हारा आहे ना माझा, तो, त्याचा फोटो सुदेशनं चोला दाखवला होता. त्यांना समुद्राकडं बसायला लाकडी मंडप उभे करायचेत, खिळ्याशिवाय, खाचा मारून. चोनं फोटो बघूनच ठरवलं होतं. त्यानं हात दाबून बघितला तेव्हा सुदेशला काय बोलला माहीत आहे? हा माणूस काम करून थकलेला आहे, आळसानं नाय.

मी तरी विचारलंच. साल कशाला विचारलं? सुदेश बोलला, तुम्ही त्याच्यापेक्षा मोठे आहात की लहान ते कळायला. त्यांच्यात मोठ्याला दोन्ही हातांनी देतात, नि मोठ्याच्या समोर प्यायचं तर तोंड वळवून पितात. मान असतो तो. तुम्ही वर्षानं मोठे निघालात. आणि पांढरा शर्ट, फीत चोबरोबर तुम्ही कापणार होतात म्हणून.

आणि कमरेचं माप?

तेव्हा सुदेशनं मला खिडकीपाशी नेलं. बोलला, चादरीखालचं बघा. चादर एका कोपऱ्यात वर गेली होती. खाली टेबल नव्हतं. सुतारकामाचा बाक होता, नवीन, जाड फळीचा, कडेला शिकंजा बसवलेला. ठेंगणा. माझ्या कमरेएवढा. तुला माहीत नसंल, मी बुटका आहे नि जन्मभर दुसऱ्यांच्या मापाच्या बाकांवर काम केलंय, खांदे वर करून. सुलैबियात पायाखाली विटा घेऊन उभा राहायचो. त्या बाकासमोर मी विटांशिवाय उभा राहिलो असतो.

चोनं सुदेशला बोलावलं. दोघं बोलले. मी जाऊन चोच्या समोर हात जोडले नि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की हमारे गाँव में रास्ते पे ऐसा रखते हैं तो बुरा होता है, हमको लगा हमारे ऊपर रखा है. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्हारा गाँव, नया घर, ऊपर क्या? मी सांगितलं, लाल फडक्यात नारळ बांधतो. त्यानं विचारलं, नारियल कोई निकालेगा तो? मी म्हटलं, घरवाला मारेगा. त्यानं मान हलवली. हसला मात्र नाय.

मग तो जे बोलला ते सुदेशनं मला मराठीत सांगितलं. मासा नाय तर दार उघडणार नाय. बाजारातला, डोकं छाटलेला, पाकिटातला चालणार नाय. आणि आईकडं दुसरा मागणार नाय, कारण मागितला तर पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागंल, नि म्हाताऱ्या बाईला हे सांगायची त्याची तयारी नाय. "तुम्ही काढलात, तुम्ही आणा. आणलात की दार उघडेल, नि दार उघडेल त्या दिवशी तुमचे इकाम्याचे कागद पण करू."

ती पोरगी हातमोजे परत घेऊन गेली. फळं मात्र वाटली. चोनं स्वतः एक टोपी छाटलेलं सफरचंद मला दिलं. दोन्ही हातांनी. सगळे बघत होते. मी पहिला घास जरा हळूच घेतला, खोटं कशाला सांगू. मग खाल्लं. गोड होतं.

परत येताना गाडीत मी मग शत्रुघ्नला बोललो, मला वाटतं हा नाय म्हणायचा त्यांचा प्रकार असंल. तोंडावर कशाला सांगतील, मासा आण बोलले, मासा मिळणार नाय, झालं. शत्रुघ्न बोलला, जगूदा, तुम्ही आता माशावर पण संशय घेता काय? ज्याला घालवायचंय त्याला कोण फळ देईल? पण त्यालाही खात्री नव्हती. गाणं नाय बोलला तो परत येताना.

ह्या आठवड्यात मी फहाहीलचा मासळीबाजार पालथा घातला, बकाल्यांत, इथल्या वाण्यांकडं, विचारलं. सुके मासे आहेत, पण सगळे डोकं उडवलेले, पोट फाडलेले. डोळे असलेला एक नाय. सुदेशला फोन केला, तर बोलला, बोंबील चालेल काय ते मी चोला विचारलं, त्यानं विचारलं डोळे आहेत काय, मी म्हटलं आहेत, तो बोलला मग आणा. शेडचं दार अजून बंद आहे. फीत तशीच बांधलेली आहे. अब्बास रोज विचारतो म्हणे, आला काय मासा. आणि इकडं माझे इकाम्याचे दिवस चाललेत.

हा चहा आला. घे. तर चंद्रहास, तू चाललायस घरी सुट्टीवर. तुझी सासुरवाडी हर्णैला, बंदराच्या बाजूला, तुझ्या सासूबाई सीताबाई स्वतः बोंबील वाळवतात, हे तूच मला सांगितलंस, म्हणून तर तुला बसवून घेतलं. त्यांना कशाला पायजे ते सांगू नको, त्या उगाच घाबरतील, नि मग डोकं छाटूनच देतील. नुसतं सांग की रिग्गईत एक म्हातारा आहे, त्याची हौस आहे. बांबूवर टांगलेल्यातला सगळ्यात लांब निवडून घे, जबडा मोडलेला नको, आणि घेण्याआधी उजेडात धरून दोन्ही डोळे शाबूत आहेत ते बघ. कपड्यांत गुंडाळ, कागदात नको, कागदानं डोळे खरवडतात. वास आला तर शर्ट मी धुऊन देईन. पांढऱ्या दोऱ्याची एक लडी पण आण, इकडची नको, आपल्याकडची. आणशील ना रे?